डोरीनचा ब्रॅकेट

डोरीन ही पद्माकर डॉक्टरांची बोट आणि बोटीचं वेडही डॉक्टरांनाच, असं मेडनहेडपासून स्टॅनमोरपर्यंतच्या मराठी घरांतून पक्कं ठरून गेलं होतं. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी अलकाला विचारायचंच, "काय मग, सवत कशी आहे?" अलका म्हणायची, "कंबर धरलीय तिची." खरं काय ते कोणाकोणाला सांगत बसणार?

खरं असं, की बोट अलकाला हवी होती. बारा वर्षं ती मेडनहेडमध्ये डॉक्टरांची मिसेस होती आणि शाळेच्या किचनमध्ये कामाला होती, तिथे नावाऐवजी सगळ्यांची 'लव्ह' होती. सुकाणू हातात आलं, की ती कोणाचीच कोणी नसायची. पुढे थेम्स, मागे फेस, आणि मध्ये शेहेचाळीस वर्षांची एक बाई, जिला तीन महिन्यांत बोट वळवायला जमलं होतं. डॉक्टरांना तीन वर्षांत जमलेलं नव्हतं. ते डेकवर बसून क्रॉसवर्ड सोडवायचे आणि बोट धक्क्याला घासली की "ऊप्स" म्हणायचे.

तर ही डोरीन आता जायची वेळ आली होती. बोटींच्या क्लबचा नियम असा, की दर जूनमध्ये प्रत्येक बोटीने स्वतःच्या इंजिनवर ब्रे लॉकपर्यंत, म्हणजे नदीवरच्या पाणदरवाजापर्यंत, जाऊन परत यायचं. लागोपाठ दोन वर्षं जमलं नाही, तर धक्क्यावरची जागा वेटिंग लिस्टमधल्या माणसाला. गेल्या वर्षी डोरीनला दोरी बांधून ओढत आणावं लागलं होतं. आणि या वर्षी, एक्याण्णवच्या मे महिन्यात, इंजिनला गार पाणी पुरवणारा पंप ज्यावर बसतो तो ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट मधोमध तुटला. पंप हलला की पट्टा सुटायचा, आणि पट्टा सुटला की पाच मिनिटांत इंजिनातून वाफ. इंजिन बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. वेल्डिंगवाल्याने तुकडे हातात घेतले, नखाने खरवडले आणि हा धातू जोड धरणार नाही म्हणून परत दिले.

"विकून टाकू या का?" डॉक्टर म्हणाले. ते काही वाईट बुद्धीने म्हणाले नव्हते.

"आपण ओतू या," अलका म्हणाली.

"काय ओतू या?"

"ब्रॅकेट."

लायब्ररीत तिला घरच्या घरी धातू ओतण्याचं एक पुस्तक मिळालं होतं. जवळजवळ सगळं पुस्तक लाकडी नमुना आणि ओलसर वाळू यांच्याबद्दल होतं. थर्माकोलबद्दल शेवटी दोन पानं होती, पण ती दोन पानं तिला आवडली. थर्माकोलचा ब्रॅकेट कापायचा, त्याला पातळ प्लास्टरचा हात द्यायचा, बादलीत कोरड्या वाळूत पुरायचा आणि वरून वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं. थर्माकोल धूर होऊन जातो आणि त्याच्या जागी धातू येऊन बसतो. नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल होताच. वाळू तिने ओव्हनमध्ये रव्यासारखी भाजून कोरडी केली. दुसऱ्या एका जुन्या बादलीला आतून माती लावून तिची भट्टी केली, कोळसे बार्बेक्यूचे आणि वारा घालायला तिचाच हेअर ड्रायर.

"आता केस कशाने वाळवणार?" डॉक्टरांनी विचारलं.

"भट्टीसमोर बसून."

पहिल्या खेपेला वाळू भरायचं काम डॉक्टरांनी अंगावर घेतलं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे थर टाकायचा, लाकडी दांड्याने ठोकायचा, पुन्हा थर टाकायचा. हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरांनी भक्तिभावाने ठोकलं. मग पत्र्याचे हातमोजे असावेत तसे जाड हातमोजे घालून अलकाने ओतलं, काळा धूर निघाला, पलीकडच्या बाईंनी दोरीवरचे कपडे गोळा केले. गार झाल्यावर वाळूतून जे निघालं ते ब्रॅकेटसारखं होतं, पण केळ्यासारखं वाकलेलं.

"अहो, वाळूने दाबला गेला थर्माकोल. भुलीच्या पेशंटला असं ठोकता का तुम्ही?"

"पेशंट तक्रार करत नाही," डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या खेपेला म्हणून कोणी काही ठोकलंच नाही. वाळू नुसती ओतली. ब्रॅकेटचा एक हात आडवा होता. त्याच्या खाली वाळू पोचलीच नाही, पोकळी राहिली, आणि धातू प्लास्टर फोडून तिथे पसरला. निघाला तो भाकरीएवढा गोळा.

रविवारी परीक्षा होती आणि हा होता गुरुवार. क्लबचे सेक्रेटरी मिस्टर बॅरेट यांचा फोनही येऊन गेला. माणूस सभ्य. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की यादीतल्या पहिल्या माणसाला काही कळवू का. अलका म्हणाली, रविवारपर्यंत थांबा.

संध्याकाळी स्टॅनमोरची सुलक्षणा चिवडा न्यायला आली. मंडळाच्या स्नेहभोजनाचा चिवडा अलकाकडे असायचा, आणि जगबुडी झाली तरी तो व्हायचा.

"एवढासाच डबा? अर्धा चिवडा तर परातीतच राहिला," सुलक्षणा म्हणाली. "दाब की जरा हाताने."

"दाबला तर चुरा होईल. थांब." अलकाने डबा उचलून ओट्यावर हलकेच टेकवला, टक् टक्, कडेने थापट्या मारल्या. चिवडा दोन बोटं खाली बसला. तिने वरून भर घातली, पुन्हा थापटलं, पुन्हा खाली बसला. आणि तिचा हात हवेतच राहिला.

"काय गं? मीठ विसरलीस?"

"सुलू, दाबायचंही नाही आणि नुसतं ओतायचंही नाही."

"मग?"

"थापटायचं! बाहेरून!"

"तुझी ती सवत तुला वेड लावणार," सुलक्षणा म्हणाली आणि डबा घेऊन निघाली.

शुक्रवारी डॉक्टर हॉस्पिटलमधून लवकर आले. अलकाने बादलीत मूठ-मूठ वाळू सोडायला घेतली आणि डॉक्टरांच्या हातात लाटणं दिलं. "बादलीला मारायचं, वाळूला नाही. एकसारखं. आणि मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." टकटक टकटक. वाळू पाण्यासारखी थरथरायला लागली. अलकाने बादली जराशी कलती केली आणि त्या आडव्या हाताखाली वाळू आपली आपण सरकत जाताना पाहिली. पातळी उतरायची, ती भर घालायची. पाऊण तास. डॉक्टरांचं मनगट दुखलं तेव्हा त्यांनी हात बदलला, पण ठेका चुकवला नाही. शेवटी तिने वाळूत बोट खुपसून पाहिलं. बोट शिरेना.

मग तिने भट्टीतली वितळलेल्या धातूची मूस उचलली. एका धारेत, न थांबता, वरपर्यंत. थर्माकोलची एक ज्योत उठली आणि विझली.

गार झाल्यावर दोघांनी वाळू उकरली. ब्रॅकेट निघाला तो सरळ. चारी कोपरे धरून. थर्माकोलच्या दाण्यांची बारीक नक्षीसुद्धा धातूत उमटली होती. अलकाने तो टेबलावर ठेवला. हलला नाही, डुगडुगला नाही. मग बोटाने टिचकी मारली तर घंटेसारखा वाजला.

"अगं!" डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्वतः एक टिचकी मारून पाहिली आणि पुन्हा "अगं!" म्हटलं. शनिवार सगळा कानशीने घासण्यात आणि भोकं पाडण्यात गेला.

रविवारी मिस्टर बॅरेट पॅड घेऊन डोरीनवर चढले. डॉक्टर इंजिनापाशी उकिडवे बसले, एक डोळा पंपावर, एक तापमानाच्या काट्यावर. अलका सुकाणूवर. पाच मिनिटं झाली, दहा झाली. काटा वर आला, मधोमध थांबला आणि तिथेच राहिला. ब्रे लॉकचं दार दिसलं. अलकाने बोट एका फेरीत वळवली, कुठेही न घासता.

परतीला मिस्टर बॅरेट खाली वाकून बघून आले. "नवा पार्ट कुठे मिळाला, डॉक्टर?"

"माझ्या बायकोने ओतला."

"ओतला? कुठे?"

"मागच्या अंगणात. मी लाटणं मारत होतो."

मिस्टर बॅरेटनी अलकाकडे पाहिलं, मग पुन्हा खाली ब्रॅकेटकडे, मग पॅडवर बरोबरची खूण केली. ती जरा मोठीच केली. "माझ्या बोटीचं पाण्याच्या टाकीचं झाकण तुटलंय," ते हळूच म्हणाले. "तेही मिळत नाही कुठे."

"आणून द्या," अलका म्हणाली. "थर्माकोल तुमचा."

धक्का आला. दोर पकडायला दोघंजण काठावर उभे होते, त्यातला एक बहुधा वेटिंग लिस्टवरचा. डॉक्टर दोर टाकायला उठले, पण अलकाने वेग कमी केलाच नाही. डोरीन काठावरच्या माणसांसमोरून तशीच पुढे गेली.

"मिसेस..." मिस्टर बॅरेट म्हणाले, "आपला धक्का गेला."

"दिसला मला. तुम्हाला घाई नाही ना? पुढे कुकम गावापर्यंत जाऊन येऊ."

डॉक्टरांनी क्रॉसवर्ड काढलं. मिस्टर बॅरेट पॅड मांडीवर ठेवून बसले. अलकाने अजून थोडा वेग वाढवला.