डेनी पळते

रेकॉर्डवर सुई टेकवली.

खरखर नाही. कारखान्याने छपाईआधी पाठवलेली नमुना प्रत, तीस वर्षं माझ्या कपाटात. बाहेर गेलेल्या पाचशे प्रती लोकांनी पार्ट्यांत वाजवून खरवडून टाकल्या. मूळ टेप टॉडच्या घरात पाणी शिरलं तेव्हा गेली. स्वच्छ अशी एवढीच उरली. थोड्या वेळात टॉड ती विकत न्यायला येणार, तिच्यावरून आमच्या बँडची रेकॉर्ड पुन्हा निघणार.

मी हो म्हटलं होतं. मग काल फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "आणि ते चौथं गाणं जरा सरळ करतोय. तू पळतेस ना तिथे, लय सोडून पुढे. कंप्युटर तुझे ड्रम काढून टाकतो. नॅशव्हिलचा एक पोरगा नव्याने वाजवेल."

डेनी पळते. बँडचा जुना विनोद. गाणारा टॉड, गिटार टॉडची, मुलाखतीही टॉडच्याच, आणि प्रत्येक मुलाखतीत हा विनोद. माझ्या लग्नात माइक हातात घेऊन म्हणाला, "आज चर्चमध्ये तरी हळू चालली, नशीब!" सगळे हसले. मीही.

चूक ठेवायची, हा लुईव्हिलमधल्या तालमीच्या तळघरातला आमचा धर्म होता. धर्मगुरू टॉड. "गुळगुळीत गाणी रेडिओवाल्यांना. आमच्या चुका आमच्या." त्याचा आवाज दर ओळीला सुराखाली घसरतो. ठेवला. त्याला भाव म्हणतात.

चौथं गाणं.

पहिलं कडवं नीट. दुसरं नीट. मग मी थांबते, गिटार एकटी वाजते, मी परत येते आणि

सुई उचलली. मागे नेली.

गिटार एकटी. मी परत येते. गिटार पुढे. मी जागेवर. थाप जड पडते आहे, म्हणजे मी त्याला हाक मारतेय, थांब, थांब, आणि तो

पुन्हा.

तो पळतो. आधी तो. मी धरून ठेवते, धरून ठेवते, आणि गाणं मधोमध फाटणार असं दिसल्यावर सोडते आणि त्याला गाठते. गाठते म्हणून गाणं उभं राहतं. तीस वर्षं मी हसले, माफी मागितली, नंतरच्या प्रत्येक बँडमध्ये आधीच सांगून टाकलं की मी जरा पळते हं, सांभाळून घ्या, आणि शेवटी वाजवणंच सोडलं आणि हा पळत होता हा पळत होता हा

बेल.

टॉड. हातात डोनटची पिशवी.

"अगं, वाजवतेस काय! झिजेल ती!"

"बस."

"डेने, आधी सुई उचल."

"बस म्हटलं ना."

बसला. मी ती जागा ऐकवली. चेहरा कोरा. पुन्हा ऐकवली. तिसऱ्यांदा त्याने पिशवीत हात घातला.

"बरं, मी पळालो. पुढे?"

"पुढे?"

"दोघांनाही सरळ करतो. झालं समाधान?"

"आणि आवाज?"

"कुणाचा?"

"तुझा. बेसूर आहेस, टॉड. अख्ख्या रेकॉर्डभर."

हसला. "ते वेगळं. त्यात भाव आहे."

"आणि माझ्या हातात काय होतं, मुंग्या?"

"हे बघ, कंपनीला सरळ पाहिजे. नाहीतर रेकॉर्ड निघणार नाही. मग तुझे ड्रम कुणीच ऐकणार नाही. कपाटात कुजतील. तेच हवंय?"

त्याचं खरं होतं. आणि खरं बोलताना तो डोनट खात होता.

"मला विकायचीच आहे," मी म्हटलं. "आहे तशी. तसं लिहून दे आणि घेऊन जा."

"नाही देऊ शकत."

"मग चालू लाग."

"डेने..."

"डोनटही घे."

दारात वळला. "बघ, अजून तशीच. राग आला की पळतेस."

दार त्याच्या तोंडावर लावलं. मग रेकॉर्ड कव्हरात घातली आणि सरळ मार्लाच्या दुकानात गेले. जुन्या रेकॉर्डी विकतेय ती, वीस वर्षं झाली. पाहून तिने हात पुसले.

"देवा. ही काचेच्या कपाटात ठेवू. जपानहून गिऱ्हाईक येईल."

"कपाट नको. बाहेरच्या खोक्यात ठेव, इतर रेकॉर्डींबरोबर. त्यांच्याच भावात."

"वेडी झालीस? कुणीही उचलेल. वाजवतील लोक."

"हो."

"खराब करतील, डेने."

"करू देत. वाजवून खराब झालेली चालेल मला."

तिने रेकॉर्ड खोक्यात सरकवली.

गाडीत बसले. काचेतून वळून पाहिलं. खोक्याशी कुणी नव्हतं.