नावाला कात्री लागली तेव्हा

मित्रांनो, धार गेली तरी तोरा गेला नाही, अशी मी मोहाडीच्या एका औषधांच्या दुकानातली म्हातारी कात्री. दुकान सुरू करणाऱ्या भय्याजींनी मला तुमसरच्या बाजारातून आणलं. आता दुकान त्यांचा मुलगा कैलाश आणि सून मोना बघतात. औषधांचं शिक्षण मोनाचं.

आमच्याकडे अख्खी पट्टी क्वचितच कोणी नेतं. "चारच दे जी, बरं वाटलं तं बाकीच्या नेतो," म्हणतात. मग कैलाश मला उचलतो आणि कच्च! "काय सफाई हाय!" असं कोणी म्हटलं की मी फुलून जायची. पट्टीवरचं नाव मधोमध तुटतं, हे कोण बघतो?

एका बाजाराच्या दिवशी तेच अंगाशी आलं. खाजेची एक गोळी आणि शुगरची एक गोळी, दोघींच्या नावांची सुरुवात सारखीच, फरक काय तो शेवटाला. खोकीही शेजारी शेजारी. आदल्या दिवशी मी शुगरच्या पट्टीचं शेपूट कापलं होतं, त्यासोबत नावाचा शेवटही गेला. उरलेला तुकडा कैलाशनं घाईत खाजेच्या खोक्यात टाकला.

दुपारी गर्दीत रेवताबाई आल्या. त्यांचा नवरा मुरारी तलावात मासे धरतो, पाण्यात राहून त्याच्या पायांना खाज सुटते. कैलाशनं तोच तुकडा उचलला आणि मी चार गोळ्या कापून दिल्या. चांगल्या ऐटीत दिल्या, काय सांगू!

मोना जेवून आली. उरलेल्या दोन गोळ्यांमागची बारीक अक्षरं तिनं वाचली.

"खाजेच्या खोक्यात शुगरची गोळी काहून?"

"आत्ताच रेवताबाईले दिल्या ना चार!" कैलाशचा चेहरा उतरला.

"अवो, मुरारीभाऊले शुगर नाही! चक्कर आली तं? तो मानूस पान्यात उतरते!"

मुरारीचा फोन वाजत राहिला. पाण्यात उतरताना तो फोन काठावर ठेवतो. रेवताबाईंकडे फोनच नाही. कैलाशनं खाजेच्या चार गोळ्या कापून घेतल्या, मोटारसायकल काढली, आणि गडबडीत मी त्याच्या खिशातच राहिले. माझा जीव टांगणीला लागला होता. दर खड्ड्याला माझं टोक त्याला टोचत होतं, पण तो थांबला नाही.

तलावाच्या पाळीवर मुरारी जाळं सोडवत बसला होता. रेवताबाई डबा उघडत होत्या.

"भाऊ, गोळी खाल्ली का?"

"नाही जी. जेवल्यावर खा म्हनलं ना तुमीच? भात आत्ता येऊन राहिला."

हुश्श! कैलाश तिथंच मातीत बसला. त्यानं झालेली चूक सांगितली, हात जोडले आणि गोळ्या बदलून दिल्या.

रेवताबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मले वाचता येत नाही बाप्पा. तुमाले तं येते ना?"

त्या बोलण्यापुढे माझी धार काहीच नाही.

आता ती दोन खोकी वेगवेगळ्या फळ्यांवर आहेत. माझ्या मुठीला मोनानं लाल दोरा बांधलाय. तो हाताला लागला की कैलाश आधी नाव मोठ्यानं वाचतो, गोळी कशाची ते सांगतो, मगच कापतो. मित्रांनो, तुमच्या घरीही नावाचा तुकडा शेवटच्या गोळीपर्यंत जपा, आणि घेताना विचारायला लाजू नका.

परवा रेवताबाई आल्या होत्या. कैलाशनं पट्टी धरली, मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं.

"नाव इकडं हाय ना? मंग तिकडून काप."