मृत्यूंचा रकाना

समितीच्या अहवालाचा पक्का मसुदा टेबलावर आला, तेव्हा धाकटीनं सवयीनं आधी शेवटची पानं उलटली. मजकुरात माणसं वाट्टेल ते लिहितात, खरं काय ते तक्त्यांत असतं, हे तिचं वीस वर्षांच्या नोकरीतून बनलेलं मत. तक्ता क्रमांक सातमध्ये पाच रकाने हवे होते. होते चार. ‘मृत्यू’ हा पाचवा रकाना इतक्या सफाईनं काढला होता, की उरलेले चार पानभर ऐसपैस पसरून बसले होते.

तिचं डोकं फिरलं. मसुदा उचलून ती तडक अध्यक्षांच्या खोलीत शिरली. दारही वाजवलं नाही. अध्यक्ष म्हणजे तिचे भावोजी, सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोकांनी स्निग्ध पदार्थ किती खावेत आणि कुठले खावेत, हे सरकारला सांगणाऱ्या समितीचे ते प्रमुख होते, आणि धाकटी त्या समितीची आकडेतज्ज्ञ. कचेरीत तिला मागून ‘आकडेबाई’ म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

“माझा रकाना कुठाय?”

“आधी बस.”

“बसायला नाही आले.”

“हळू बोल. बाहेर माणसं आहेत.”

“असू देत. त्यांनाही कळू दे.”

प्रकरण असं होतं. साडेचार वर्षं, सहा सरकारी वृद्धाश्रमांत, चार हजारांवर माणसांवर एक प्रयोग चालला होता. निम्म्यांना नेहमीसारखं लोणी आणि सायीचं दूध. उरलेल्यांच्या जेवणात त्याऐवजी बियांचं तेल आणि साय काढलेलं दूध. कुणाच्या ताटात काय पडतंय हे ना जेवणाऱ्यांना ठाऊक, ना परिचारिकांना. ताटाच्या बुडाला लाल किंवा निळा ठिपका, त्याचा अर्थ फक्त स्वयंपाकघराला माहीत. प्रयोग भावोजींनीच आखला होता आणि फार नेटका आखला होता, हे धाकटी कधीही मान्य करायची. तेलवाल्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल चांगलं सातव्या हिश्शानं उतरलं. त्या दिवशी भावोजी कचेरीत नाचायचेच बाकी राहिले होते. मग धाकटीनं मेलेल्यांची मोजणी केली. दोन्हीकडे माणसं सारखीच. लोणीवाले मेले दोनशे अठ्ठेचाळीस. तेलवाले दोनशे एकोणसत्तर.

“एकविसांचा फरक,” भावोजी म्हणाले. “योगायोग असू शकतो, हे तूच म्हणाली होतीस.”

“म्हणाले ना! तेच छापा. तेलानं माणसं मेली असं मी कुठं म्हणतेय? तेलानं माणसं जास्त जगली असं दिसलं नाही, एवढं एक वाक्य घाला.”

“आणि त्या एका वाक्यावर दूधसंघ थयथया नाचेल. मंत्र्यांनी तारीख जाहीर केलीय, पत्रकं छापून पडलीत. बाकीचे किती अभ्यास आपल्या बाजूनं आहेत, तुला माहीत आहे. प्रयोग आणखी पाच वर्षं चालला असता, तर इथंही तेच दिसलं असतं.”

“असतं! नसतंही. दिसलं ते छापायचं, की दिसायला हवं होतं ते?”

भावोजींचा चेहरा लाल झाला. “माझे वडील एकोणपन्नासाव्या वर्षी जेवता जेवता कोसळले. मी समोर बसलो होतो. तुझा रकाना वाचून उद्या लोक पुन्हा मनाला येईल ते खायला लागले, तर ती मढी कुठल्या तक्त्यात घालणार आहेस?”

धाकटीला ते ठाऊक होतं. ते दुःख खरं होतं, त्यात नाटक नव्हतं. पण तिची जीभ काही राहीना. “वडिलांचं मला वाईट वाटतं. पण तेलाची पिंपं फुकट पुरवणाऱ्या कंपनीचे दोन सल्लागार आपल्या समितीत बसलेत, ते तरी छापलंत का?”

“निघ,” भावोजी म्हणाले. “निघ इथून.”

रविवारी ती ठरल्याप्रमाणे ताईकडे जेवायला गेली. न जाणं म्हणजे हार मानणं, असं तिला वाटलं. भावोजी ताट घेऊन आतल्या खोलीत गेले ते बाहेर आलेच नाहीत. ताई स्वयंपाकघरात उकडलेली अंडी चिरून त्यातलं पिवळं चमच्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकत होती. त्या घरात दहा वर्षांत कुणी पिवळं खाल्लं नव्हतं.

“अर्धं अंडं मला, अर्धं डब्याला,” ऐंशीची आई टेबलाशी पुटपुटली. “आणि तो डबा बघा कसा धडधाकट आहे!”

ताईनं पुढचं अंडं चिरलं.

“त्यांची माफी माग,” ताई म्हणाली.

“कशाबद्दल? बेरीज बरोबर आली त्याबद्दल?”

“ज्या माणसानं तुला नोकरीला लावलं, त्याच्याच अन्नात माती कालवतेस! समितीतले लोक यांना हसतात, मेहुणी आवरत नाही म्हणून.”

धाकटीनं चमचा खाली ठेवला. ताई लग्नाआधी न्यायालयात टायपिस्ट होती. भावोजींचा प्रत्येक कागद आजही ती घरी टाइप करायची आणि तिच्या कागदात एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. हा मसुदाही तिच्याच हातचा.

“ताई, टाइप करताना तुला तो रकाना दिसला नाही?”

ताईनं तिच्या पुढ्यातलं अर्धं भरलेलं ताट उचललं. “तुझं झालंय. ऊठ.”

आई काहीतरी बोलायला गेली, तिला ताईनं एका नजरेनं गप्प केलं. धाकटी उठली. हातही तिनं घरी जाऊन धुतले.

जनसुनावणीच्या दिवशी सभागृहाच्या जिन्यावर दूधसंघाचा वकील तिची वाट बघत उभा होता. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. “आमच्याकडे या, मॅडम. पत्रकार आमचे, मंच आमचा. तुम्ही फक्त ते दोनशे एकोणसत्तर उभे करा.”

“बाजूला व्हा,” ती म्हणाली. “मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणी खायला मी येत नसते.”

वकील हसला. त्याला ते शब्दशः आवडलं असावं.

आत समितीचे बारा जण लांब टेबलामागे बसले होते. समोर डॉक्टर, पत्रकार, तेलकंपनीची आणि दूधसंघाची माणसं, आणि मागच्या रांगांत शाळेच्या मुख्याध्यापिका, ज्यांना पत्रकं वाटायची होती. तक्ता सात समजावून सांगायचं काम आकडेतज्ज्ञ म्हणून नियमानं धाकटीकडेच आलं. पडद्यावर चार रकाने उमटले. तिनं चारही वाचून दाखवले, नीट, न अडखळता. मग म्हणाली, “या तक्त्यात पाचवा रकाना होता.”

“मॅडम, आपली वेळ संपली,” अध्यक्ष म्हणाले. घरात तिला ‘अगं’ म्हणणारा माणूस आता ‘मॅडम’ म्हणत होता.

तिनं पुढचं वाक्य सुरू केलं आणि माइक बंद पडला. तो पडला की पाडला, यावर पुढं बरंच बोललं गेलं. कोपऱ्यात फळा होता. तिनं खडू उचलला आणि हाताएवढ्या आकड्यांत लिहिलं: २४८, २६९. तेलकंपनीचा एक सल्लागार ओरडला, “हा शिस्तभंग आहे!” मागून वकील उठून टाळ्या पिटायला लागला. “बघा! लोणी निर्दोष आहे!”

धाकटी गर्रकन वळली. “खाली बसा! लोण्यानं कुणी वाचलं असं यात कुठंही नाही. एवढ्या फरकावरून तेलालाही विष म्हणता येत नाही. इतकंच कळतं, की तेलानं आयुष्य वाढतं असं छातीठोकपणे सांगायला हा प्रयोग उपयोगाचा नाही. आणि ज्यांना नेमकं हेच छापायचं नाही, ते टेबलामागे बसलेत.”

टाळ्या थांबल्या. आता तिच्या बाजूनं सभागृहात एकही माणूस उरला नाही. दोन शिपायांनी तिला दाराशी नेलं. त्यातला एक फळा पुसायला परत गेला.

दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं ‘लोणी सुटलं’ असं छापलं, दुसऱ्यानं ‘मेहुणीचा सूड’. तिसऱ्यानं तिचा तोंड वासलेला फोटो टाकला. शिफारस बाराच्या बारा मतांनी मंजूर झाली, चार रकान्यांसकट. धाकटीची चौकशी झाली आणि तिला जनावरांच्या लसीकरणाच्या नोंदी ठेवणाऱ्या खात्यात धाडलं. तिथं कुणाला कशाचंच पडलेलं नव्हतं. आईच्या अंत्यविधीला दोघी बहिणी चार हात अंतरावर उभ्या राहिल्या आणि एकमेकींशी शब्दही न बोलता आपापल्या घरी गेल्या.

अशी नऊ वर्षं गेली. सरकार बदललं, नवी समिती बसली. या समितीनं जुन्या प्रयोगांचे मूळ कागद मागवले, तेव्हा धाकटीच्या हस्ताक्षरातला पाच रकान्यांचा तक्ता दफ्तरात निघाला. भावोजी निवृत्त झाले होते. त्यांना खुलासा विचारला गेला. तीन आठवड्यांनी, भर दुपारी, धाकटीच्या दारात ताई उभी राहिली. केस पांढरे, पाठ ताठ.

“आत येऊ का, असं मी विचारणार नाही,” असं म्हणून ती आत आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. “त्यांनी लिहून दिलंय. रकाना टायपिंगच्या चुकीनं गळला म्हणे.”

नऊ वर्षं धाकटीनं ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, तो इतका खाली जाईल असं तिलाही वाटलं नव्हतं. “तुझ्या नावावर ढकललं?”

“नाव नाही घातलं. ‘टंकलेखनातील त्रुटी’. माझ्याच मशीनवर मलाच टाइप करायला दिलं.”

“आणि तू केलंस?”

“केलं. एकही चूक न करता.” ताईनं पिशवीतून एक कार्बन प्रत काढली. “मग मशीनला दुसरा कागद लावला आणि माझं म्हणणं टाइप केलं. रकाना त्यांनी पेन्सिलीनं खोडला होता. तो खोडलेला कागद मी ठेवला होता, तो जोडलाय. दोन्ही काल समितीला दिले.”

“तेव्हा तुला कळलं होतं, काय खोडलंय ते?”

“सगळं कळलं होतं. मी काय अडाणी आहे?”

“आणि तरी माझं ताट उचललंस.”

“उचललं. तू माझा संसार बाजारात मांडत होतीस. आजही माझा राग गेलेला नाही.” ती उठली. “हे तुझ्यासाठी केलं, अशा भ्रमात राहू नकोस. चाळीस वर्षांत माझ्या कागदात चूक निघालेली नाही. नसलेली चूक मी अंगाला चिकटवून घेणार नाही, नवऱ्याकडूनसुद्धा.”

“कुठं राहणार आहेस?”

“माझ्याच घरात. जायचं तर त्यांनी जावं.”

ती गेली. निरोप नाही, ‘घरी ये’ नाही, काही नाही. धाकटीनं दार लावलं आणि बराच वेळ त्याला पाठ लावून उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता; कशाचा जास्त, ते ठरेना.

नव्या अहवालात तक्ता पाच रकान्यांसकट छापला गेला. धाकटीची बदली मात्र रद्द झाली नाही. सल्लाही फारसा बदलला नाही: ‘तेलाने आयुष्य वाढते’ याच्या जागी ‘वाढू शकते’ आलं, आणि ते वाक्य तेलकंपनीनं ‘वाढू’ ठळक करून आणि दूधसंघानं ‘शकते’ ठळक करून, दोघांनीही आपापल्या जाहिरातीत वापरलं.