दोन संथ, एक जलद

सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी बाईंनी डफावर दोन संथ आणि एक जलद थाप दिली. कोणीच उठलं नाही.

बालवाडीच्या त्या खोलीत प्रत्येक मुलाची स्वतःची थाप होती. नाव पुकारायचं नाही. थाप ओळखून ज्याचं त्याने उठायचं आणि आपल्या चालीने डफापर्यंत यायचं. कोणी बेडूक, कोणी हत्ती; खोलीत तीच त्यांची नावं. ऐकणं, थांबणं, तोल सावरणं सगळं त्यात येतं, असं बाई पालकांना सव्वीस वर्षं सांगत आल्या होत्या.

"बाई, ती गेली ना," बेडूक म्हणाला. "तुम्ही पण ना, विसरभोळ्या."

थाप मुंगीची होती. मुंगी, कारण ती कायम भिंतीच्या कडेने चालायची. वडिलांची बदली झाली आणि शुक्रवार तिचा शेवटचा दिवस ठरला. अकरा महिन्यांत ती आपल्या थापेला एकदाही उठली नव्हती. बाई थाप देत, तिच्याकडे बघून हसत, पुन्हा देत, मग पुढच्या मुलाकडे वळत. एकदा उठावी, एवढंच त्यांना हवं होतं. नेमकी त्याच शुक्रवारी बाईंची डोळे तपासायची तारीख आली. त्या दिवसापुरता डफ त्यांनी साफसफाईच्या मावशींकडे दिला होता.

मधल्या सुट्टीत पेले विसळताना मावशी सहज बोलून गेल्या, की मुंगी शुक्रवारी उठली होती.

बाईंनी नळ बंद केला.

"मला फोन नाही का करायचा, मावशी?"

"मला काय माहीत? वाटलं, रोजच उठत असेल."

बाईंनी त्यांना डफ घेऊन बसवलं आणि जसं झालं तसं करून दाखवायला सांगितलं.

"मी काय तुमच्यासारखी वाजवणारी? तीनदा ठोकलं आणि या बेडकाचं नाक पुसायला वळले. बघते तर मुंगीबाईसाहेब समोर उभ्या."

"भिंतीकडून आली?"

"छे, खोलीच्या मधून. ऐटीत."

बाईंनी त्यांना पुन्हा वळायला लावलं, पुन्हा नाक पुसायला लावलं. बेडकाने तक्रार केली. बाई बोटांवर मोजत होत्या. थापेपासून मावशी परत वळेपर्यंत नऊ आकडे झाले. स्वतः त्या कधी चारापुढे थांबल्या नव्हत्या.

संध्याकाळी त्यांनी मुंगीच्या आईला फोन केला. सामान अजून बांधलेलंच होतं, मुलगी झोपली होती. शाळा ठरली की कळवते, असं आई म्हणाली.

रात्रीच्या जेवणाआधी बाईंनी मुंगीच्या नव्या शाळेतल्या शिक्षिकेसाठी चिठ्ठी लिहिली: 'हिची थाप दोन संथ, एक जलद. मग नऊ मोजा. तिच्याकडे पाहू नका. येते.'

ती थाप त्या अजून रोज देतात, पाठ फिरवून नऊ मोजतात. मुलं तेवढा वेळ गप्प बसतात, बेडूकसुद्धा. चिठ्ठीचं पाकीट डफाच्या पिशवीत आहे. आईचा फोन आलेला नाही, आणि या शुक्रवारपर्यंत तरी त्यावर पत्ता लिहिलेला नव्हता.