बेगिमायची चाळीस पानं

नियम माझाच. प्रोग्रामिंगच्या गृहपाठाला एआयची मदत घ्या, माझी ना नाही. पण त्याच्याशी झालेलं अख्खं बोलणं छापून जोडा आणि मग फळ्यापाशी उभं राहून एकेक ओळ मला तोंडी समजावून सांगा. पान लपवलंत की नापास. बिश्केकमध्ये बावीस वर्षं शिकवतेय, मुलं काय चीज असतात ते मला चांगलं ठाऊक आहे. एर्मेकने तर "बुरुल एजेला कळणार नाही असं लिही" हे वाक्यसुद्धा इमानदारीत छापून आणलं होतं. बुरुल एजे म्हणजे मीच; एजे म्हणजे ताई, आमच्याकडे मुलं बाईंना तसंच म्हणतात.

बेगिमायने चाळीस पानं आणली. काम एवढंसं: नावांची यादी क्रमाने लावायची. त्याला चाळीस पानं! ठोंबी कुठली, म्हणत मी वाचायला बसले आणि तिसऱ्या पानावर थबकले.

यंत्र तिला सांगत होतं, "घाई नको गं माझ्या शिंगरा. आधी कागदावर करून बघ. तुझी ती बुरुल एजे आधी शून्य देते, मग वाचते."

हे तिलेकचं बोलणं. तिलेक म्हणजे बेगिमायचा बाप. तोही इथेच शिकवायचा, शिक्षकांच्या खोलीत सोळा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. गेल्या हिवाळ्यात तो गेला. पोरीने त्याचे सगळे जुने निरोप यंत्रात ओतले होते आणि त्यालाच बाप करून समोर बसवलं होतं. मला आधी हसू आलं, मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना. पानोपानी ती एकच म्हणत होती, "बाबा, नाही कळलं. परत सांगा." आणि तो परत सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फळ्यापाशी आली. मी ठरवूनच बसले होते, हिला काही येत नाही, नापास करायचं. तिलेकची मुलगी असली म्हणून काय झालं?

"कागद ठेव बाजूला. लिही."

तिने लिहिलं, एकदाही न अडखळता. मी मधल्या ओळी पुसल्या, आकडे बदलले, आडवेतिडवे प्रश्न विचारले. पोरगी फटाफट उत्तरं देत गेली.

"अगं, तुला तर सगळं येतंय. कधीपासून?"

"चौथ्या पानापासून, एजे."

"मग पुढची छत्तीस पानं काय माझी थट्टा चालवली होतीस?"

ती बोटांचा खडू पुसत राहिली. "मला कळलं रे कळलं, की बाबा उठायचे. 'झालं तर मग, मी चाललो चहाला.' वर्गात तसंच, घरीही तसंच. चौथ्या पानावर मी कळलं म्हणाले, तर यंत्रही म्हणालं, चाललो. म्हणून परत कधी कळलं म्हणालेच नाही."

मी गुणवही ओढली.

"एजे, मला नापास करता येईल? फेरपरीक्षा लागली तर अजून तीन महिने शिकवतील बाबा."

पास करा म्हणून रडणारे मी खंडीभर पाहिलेत. नापास करा म्हणणारी ही पहिलीच. खरं सांगते, मलाही मोह झाला. तीन महिन्यांनी आणखी पानं आली असती, त्यांत माझ्यावरचे त्याचे टोमणे असते.

"नाही पोरी. तुला येतं," मी म्हणाले आणि पाचपैकी पाच मांडले.

आम्हा किर्गिझांत बायका कबरीपर्यंत जात नाहीत. तिलेकला पुरलं तेव्हा आम्ही दोघी घरातच रडत बसलो होतो. त्याला माती मी दिली ती त्या सकाळी, ते पाच गुण मांडून, त्याच्या मुलीच्या देखत.