तळ्यावरच्या शिबिराचा ठराव

बाई नगरसेविका झाली की नवरा नगरसेवक होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माझ्या वॉर्डाची जागा महिला राखीव निघाली, मी निवडून आले आणि हार मात्र माझ्या नवऱ्याच्या, राधाकृष्णांच्या, गळ्यात जास्त पडले. मी हसून सोडून दिलं. नवरा गोड बोलणारा, संसार जुना. म्हटलं, पडू देत चार हार.

मला त्या खुर्चीत बसून एकच काम करायचं होतं. तळ्यावरचं शिबिर वाचवायचं होतं.

शिरड शहापूरच्या अलीकडे तळ्याकाठी आमच्या नगरपालिकेचं कुटुंब शिबिर आहे. पत्र्याच्या खोल्यांची रांग, एक मोठं स्वयंपाकघर, चिंचेची झाडं. शिंपी, कारकून, मास्तर, पुजारी, ज्यांना महाबळेश्वर फक्त कॅलेंडरवर दिसतं, अशांनी दिवाळीच्या सुट्टीत लेकराबाळांना घेऊन राहावं म्हणून कुणा जुन्या नगराध्यक्षानं ते काढलं. रोज एका घराची पाळी. त्या घरानं सगळ्यांना रांधून घालायचं. आमच्या पाळीला आई वरणफळं करायची. मी आणि संगिता तिथे एका ताटात जेवून मोठ्या झालो. संगिताही यंदा शेजारच्या वॉर्डातून निवडून आली, तेव्हा मला वाटलं, देवानंच जोडी जमवली.

आता पत्रे गळतात, संडासांची दारं निखळलीत, हे खरं. पण पालिकेतल्या शहाण्यांनी रोगापेक्षा इलाज भयंकर काढला. दुरुस्ती नको, अख्खं शिबिरच एका ठेकेदाराला लग्नाच्या लॉनसाठी तीस वर्षांच्या भाड्यानं द्यायचं.

सभेच्या आधी आम्ही दोघी तळ्यावर गेलो. लोक जमले होते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या गंगूताईंनी आमची ओटी भरली आणि विचारलं, "शिबिर ऱ्हातंय नं माय?"

"आमी दोघी असताना कोन हात लावतंय?" मी म्हणाले. संगितानं मान डोलावली.

घरी येऊन राधाकृष्णांना सगळं सांगितलं. बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, "तुझं बराबर हाय. तुला पटंल तेच कर." असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं मी त्या दिवशी आईला फोनवर म्हणाले. आता ते आठवलं की माझाच मला राग येतो.

सभेत मुख्य लिपिकानं विषय वाचला. "तळ्यावरचं शिबिर भाडेपट्ट्यानं देणे. सूचक, उपाध्यक्ष साहेब. अनुमोदक, सौ. मंजुषाताई."

सभेत दुसरी मंजुषा नव्हती. मी दाराकडे पाहिलं. राधाकृष्ण तिथे मोबाइलमध्ये डोकं घालून उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही, आणि त्यांनी वर पाहिलं नाही यातच मला सगळं कळलं.

मी उठले. आवाज खणखणीत निघाला. "मी अनुमोदन दिलेलं न्हाई. देनारबी न्हाई."

दोघे-तिघे हसले. नगराध्यक्ष दाराकडे बोट करत म्हणाले, "ताई, साहेबांशी बोलून घ्या एकदा."

"निवडून मी आले. साहेब न्हाई आले."

आता कुणी हसलं नाही. उपाध्यक्ष लिपिकाकडे बघायला लागले. अनुमोदकच नाही म्हटल्यावर ठराव तिथेच पडणार होता. मी संगिताकडे पाहिलं. ती उठत होती. माझा ऊर भरून आला. आता ही माझ्या बाजूनं बोलणार, मग बाकीच्या बायकाही बोलतील.

"माझं अनुमोदन लिहून घ्या," संगिता म्हणाली.

हात वर झाले. ठराव पास झाला.

जिन्यात मी तिचा दंड धरला. "काहून केलंस हे? ओटी घेतली नं तू त्या माऊलीची?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याचीही चीड आली.

"लॉनमदी दोघींच्याबी मालकायची भागीदारी हाय, मंजू. मला घरात ऱ्हायचं हाय."

"मला बोलली का न्हाईस?"

"तुझ्याच मालकानं बोलू दिलं न्हाई. परवा आमच्या घरी येऊन सांगून गेले. 'मंजुषा ऐन टायमाला उठंल, मी तिला वळखतो. ती उठली की तू अनुमोदन दे.'"

म्हणजे मी काय करणार हे त्यांना माहीत होतं. माझं मन त्यांच्याइतकं जगात कुणी ओळखत नव्हतं, आणि त्यांनी ते माझ्याच विरुद्ध वापरलं. भांडले असते, धमकावलं असतं, तरी इतकं लागलं नसतं.

खाली गंगूताई आणि पाच-पंचवीस माणसं उन्हात थांबली होती. राधाकृष्ण गाडी चालू करून तयार. ती माझ्याजवळ आणून हळूच म्हणाले, "घरचं घरात बोलू. चल, बस."

गंगूताई पुढे आल्या. "काय झालं माय? वाचलं का?"

"न्हाई, गंगूताई," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "शिबिर इकलं. माझं नाव लावून माझ्या मालकानं इकलं."

राधाकृष्णांनी गाडी बंद केली.