पिवळ्याच्या शेजारचा दोर

मी दोर बोलतोय. विहिरीवरचा नव्हे, बैलाचाही नव्हे. कडे चढणारी माणसं कमरेला बांधतात तो. रंगानं निळा, लांबीनं चाळीस मीटर. औंढ्याच्या आसपासच्या डोंगरांत दर दुसऱ्या रविवारी भटकणाऱ्या एका गिरिभ्रमण मंडळाकडे आम्ही दोन दोर होतो. पहिल्याचं नाव पिवळ्या. मला नाव नव्हतं. यावरूनच काय ते समजा.

माझा जन्म कारखान्यातला. आत पांढऱ्या धाग्यांचा गाभा आणि वर विणलेलं निळं कवच. सगळा जोर गाभ्यात असतो, कवच फक्त त्याला सांभाळतं. खोक्यात बसून मी औंढ्याकडच्या गोरेगावला आलो तो विश्वंभररावांच्या बी-बियाण्यांच्या दुकानात. ते मंडळाचे प्रमुख. सगळं सामान त्यांच्याच माळ्यावर असतं. गिर्यारोहणाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या मात्र एकट्या साधना मॅडम, शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी मला टोकापासून टोकापर्यंत उघड्या हातातून सरकवून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे."

विश्वंभरराव म्हणाले, "चला, पिवळ्याला जोडीदार आला."

झालं. त्या दिवसापासून मी जोडीदार.

पिवळ्यानं केलं होतं तरी काय? मी येण्याच्या आधीच्या वर्षी विश्वंभरराव कड्यावर सगळ्यात पुढे चढत असताना त्यांचा पाय सुटला आणि पिवळ्यानं त्यांना हवेतच धरलं. एवढंच! पण ही गोष्ट मी जीपमध्ये, भाकरी सोडताना, उतरताना, इतक्यांदा ऐकली की मला पाठ झाली. दसऱ्याला दुकानातल्या तराजूच्या बरोबरीनं पिवळ्याची पूजा झाली. जिथं त्याला झटका बसला होता तिथंच विश्वंभररावांनी लाल धागा गुंडाळून बांधला, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. माझ्या अंगावर त्या हारातली एक पाकळी पडली, तीही वाऱ्यानं.

पिवळ्याला कुणाचा पाय लागला तर ते माणूस वाकून नमस्कार करायचं. माझ्यावर पाय पडला तर म्हणायचं, "बाजूला घ्या रे ते." निसरड्या चढणीवर हात धरायला मला आडवा बांधायचे. एकदा तर माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले. खोटं कशाला बोलू, मी जळत होतो.

आम्ही दोघे एकाच पिशवीत राहायचो, एकमेकांच्या अंगावर. पिवळ्या स्वभावानं वाईट नव्हता, त्याचाही मला रागच यायचा. काही महिन्यांनी मला एक गोष्ट जाणवली. लाल धाग्याखाली पिवळ्या पोकळ झाला होता. त्या झटक्यात त्याचा गाभा तुटत आला होता आणि वरचं कवच तेवढं शाबूत होतं. आमच्या जातीचा नियमच आहे, मोठा झटका सोसलेला दोर पुन्हा वापरायचा नसतो. यांनी मात्र त्याच झटक्यासाठी त्याला देव केलं होतं.

हे कळल्यावर मला आनंद झाला. एक दिवस हा सगळ्यांसमोर तुटेल आणि मग बघू कुणाला हार घालता, असं माझ्या मनात यायचं.

गेल्या महिन्यात मंडळ चिमणकड्यावर गेलं. त्या दिवशी मिराबाई पहिल्यांदाच कडा चढणार होत्या. त्या तांड्यावरच्या, अंगणवाडीत कामाला. त्यांचा नवरा देविदास मंडळाची जीप चालवतो. बायकोपेक्षा तोच जास्त घाबरला होता.

"मॅडम, हिला पिवळ्यावरच बांधा. त्यानं विश्वंभरभाऊला वाचवलं. ह्या निळ्याचा काय भरवसा?"

"तुमी काहून घाबरून राहिले?" मिराबाई म्हणाल्या. "चढायचं मला हाय."

साधना मॅडम म्हणाल्या, "आधी तो धागा सोडून दोर नीट तपासू या."

"पिवळ्याला काय तपासता मॅडम? नव्वद किलोचा मी, मला तोललं त्यानं," विश्वंभरराव म्हणाले. मॅडम गप्प बसल्या. याआधीही त्या अशाच गप्प बसल्या होत्या.

पिवळ्याला माथ्यावरच्या कडीतून ओवून खाली सोडलं आणि त्याचं टोक मिराबाईंच्या कमरेला बांधलं. मी उन्हात पडून बघत होतो. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की दोर तुटतो तेव्हा त्याच्या टोकाला माणूस असतं. इतके महिने मी पिवळ्या तुटायची वाट पाहिली, पण त्या माणसाचा विचार एकदाही केला नव्हता. मला ओरडायचं होतं. पण दोराला कुठला आवाज?

चढण्याआधी मिराबाईंनी दोराला नमस्कार केला. धागा कमरेपासून हातभरच वर होता. त्यांनी तो मुठीत धरून कपाळाला लावला, आणि मूठ सोडलीच नाही. बोटांनी दाबून पाहत राहिल्या.

"मॅडम, इथं पोकळ लागून राहिलं. म्हशीचं दावं असं लागलं की आमी फेकून देतो."

"ताई, धाग्याला हात नका लावू," विश्वंभरराव पुढे झाले.

या वेळी मॅडम गप्प बसल्या नाहीत. त्यांनी धागा सोडला आणि ती जागा दुमडली. चांगला दोर दुमडला की गोल वळतो. पिवळ्या कागदासारखा चपटा दुमडला. मॅडमनी तिथंच चाकू घातला. आतून तुटक्या पांढऱ्या धाग्यांचा पुंजका बाहेर आला. विश्वंभरराव तोंड फिरवून उभे राहिले आणि बराच वेळ डोळे पुसत राहिले.

मग मला बांधलं. अर्ध्या कड्यावर मिराबाईंचा हात सुटला आणि मी त्यांना धरलं. खालून देविदास ओरडला, "धरलं! निळ्यानं धरलं!" माथ्यावर पोचून मिराबाई इतक्या मोठ्यानं हसल्या की चिमण्या उडाल्या.

खाली मात्र सगळे पिवळ्याभोवतीच बसले होते. त्याचा हातहातभर तुकडा प्रत्येकानं घरी नेला. विश्वंभररावांनी तर देव्हाऱ्यात ठेवलाय म्हणे. अजून हेवा वाटतो मला त्याचा.

आता मलाही नाव मिळालंय, निळोबा. पाय लागला की लोक नमस्कार करतात. परवाच्या रविवारी मॅडम आजारी होत्या. कुणीतरी मला पिशवीतून काढून न तपासता तसंच बांधायला लागलं आणि म्हणालं, "निळोबा हाय, काळजी न्हाई." ऐकून मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. आणि लगेच भीती वाटली.

म्हणून मागणं एवढंच आहे. मला नमस्कार करायचाच तर मिराबाईंसारखा करा, बोटं दाबून. जिथं पोकळ लागेल तिथं कापा. मला राग येईल, विश्वंभरराव रडतील. तरी कापा.